बागेतल्या रंगात दर वर्षी खंड पडतो : कारण कसं शोधायचं आणि खंड कसा भरायचा

अडचण बहुतेकांची सारखीच असते. दोन-अडीच महिने बाग अशी फुलते की येणारा-जाणारा थांबून बघतो. मग झेंडू तपकिरी पडतो, पेट्युनियाच्या लांब काड्या उरतात, गुलाबाला नुसती पानं येतात, आणि पुढचे तीन-चार महिने बाग हिरवी राहते पण रंग नसतो. माणूस घाईने तयार रोपं आणून लावतो, पुन्हा थोडे दिवस बरे जातात, पुन्हा खंड पडतो. पुढच्या वर्षी तेच.

मीही बरीच वर्षं हा खंड खत घालून भरायचा प्रयत्न केला. तो तसा भरत नाही. आज दिसणारं फूल हे दोन-तीन महिन्यांपूर्वी केलेल्या किंवा राहून गेलेल्या कामाचं फळ असतं. बाग रिकामी दिसायला लागल्यावर धावाधाव केली तर तिचा उपयोग थेट पुढच्या बहरालाच होतो.

आधी एक गोष्ट ठरवा : तुमच्या बागेत त्या काळात झाडंच नाहीत, की झाडं आहेत पण फुलत नाहीत? या दोन वेगळ्या अडचणी आहेत आणि त्यांचे उपाय एकमेकांना चालत नाहीत. ज्याच्याकडे त्या मोसमात फुलणारं झाडच नाही त्याने कितीही खत घातलं तरी काय फुलणार? आणि ज्याचं झाड रात्रभर दिव्याच्या उजेडात किंवा दिवसा सावलीत अडकलंय त्याने दहा नवी रोपं आणली तरी तीही तिथे तशीच बसणार.

हे ठरवायला वही लागते. एका पानावर वर्षाचे बारा महिने, प्रत्येकाचे दोन भाग, म्हणजे २४ रकाने. डावीकडे बागेतल्या प्रत्येक झाडाचं नाव. महिन्याच्या १ आणि १५ तारखेला बागेत एक फेरी मारायची आणि जे फुललंय त्याच्या रकान्यात खूण करायची. वर्षभर थांबायचं नसेल तर फोनमधले जुने फोटो उघडा. आपण बागेचे फोटो हौसेने काढतो आणि प्रत्येकावर तारीख असते. दोन वर्षांचे फोटो चाळले तर अर्धी वही एका संध्याकाळी भरते. ज्या महिन्यांचे फोटोच नाहीत, तो तुमचा खंड. फुलं नव्हती म्हणूनच फोटो काढले गेले नाहीत.

झाडंच नसतील तर

याचं मूळ खरेदीच्या सवयीत असतं. उत्साह येतो तो एखाद्या छान दिवशी. आपण रोपवाटिकेत जातो आणि फुललेली रोपं उचलतो. त्या दिवशी तिथे फुललेलं असतं ते त्याच मोसमातलं. वीस रोपं आणली तरी ती सगळी एकदम फुलणार आणि एकदम थकणार. म्हणून माझा पहिला सल्ला अगदी साधा आहे : वहीत जो रकाना रिकामा आहे, नेमक्या त्याच पंधरवड्यात रोपवाटिकेत जा. तुमच्याच हवामानात त्या वेळी काय फुलतं ते डोळ्यांसमोर दिसेल. तेच आणा, दुसरं काही नको.

दुसरं काम मागे मोजण्याचं. झिनिया, कॉसमॉस, तेरडा यांना पेरणीपासून फुलायला साधारण ५० ते ६० दिवस लागतात. बुटका झेंडू तेवढ्यातच येतो, उंच मोठ्या फुलाचा थोडा जास्त वेळ घेतो. पेट्युनियाला अडीच ते तीन महिने, ॲस्टरला तीन महिन्यांच्या पुढे. ग्लॅडिओलसचा कंद लावल्यापासून दांडा यायला जातीप्रमाणे ७० ते ९० दिवस. म्हणजे ज्या पंधरवड्यात रंग हवा, तिथून एवढे दिवस मागे जा, ती पेरणीची तारीख. तिथे वहीत लाल खूण करा. तुमच्या लक्षात येईल की ही लाल खूण नेहमी बाग भरात असतानाच्या दिवसांवर पडते. त्या दिवसांत कुणालाच पेरणी आठवत नाही, आणि खंड पडतो तो तिथेच.

एकदम सगळं बी पेरू नका. पाकिटाचे तीन भाग करा आणि तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने पेरा. पहिली तुकडी थकायला लागते तेव्हा दुसरी भरात असते. तीनपेक्षा जास्त तुकड्या मी करत नाही, कारण शेवटची तुकडी मोसमाबाहेर जाते आणि रोपं रडत राहतात. पॅन्सीचं बी तापलेल्या मातीत उगवत नाही आणि झिनियाला थंड मातीत पुढे सरकायला नको वाटतं. ग्लॅडिओलसचे कंदही असेच पंधरा दिवसांच्या अंतराने लावले तर दांडे बरेच आठवडे मिळत राहतात. एकदम लावले तर दोन आठवड्यांत खेळ संपतो.

तरीही फक्त हंगामी रोपांवर वर्ष काढता येत नाही. एक तुकडी मर रोगाने गेली, एक मोठा पाऊस झाला की वाफा उघडा पडतो. म्हणून अर्धी जागा मी कायमच्या झुडपांना देते : जास्वंद, एक्झोरा, तगर, बोगनवेल, सतत फुलणारे गुलाब. पायाशी सदाफुली. जिथे कडक थंडी पडत नाही तिथे सदाफुली इतकी निमूटपणे वर्षभर फुलते की लोक तिला गृहीत धरतात. मला ती बागेतलं सगळ्यात विश्वासू झाड वाटते. तिची वाळलेली फुलंही आपोआप गळतात, खुडावी लागत नाहीत. फक्त मुळाशी पाणी साचू द्यायचं नाही, मूळ कुजलं की ती एका रात्रीत मान टाकते.

उरलेल्या जागेत कंद. निशिगंध, लिली, पावसाची लिली. यांचा मोठा फायदा असा की मोसम नसताना ते जमिनीखाली गुपचूप पडून राहतात आणि वर हंगामी रोपं लावता येतात. पावसाची लिली तर कोरड्या काळानंतर चांगला पाऊस पडला की काही दिवसांतच उमलते. कंद कुठे पुरलाय तिथे एक गोटा ठेवा, नाहीतर खुरपं त्याच्यावरच बसतं. कंदाला पानं येतात पण फूल येत नाही, ही तक्रार असेल तर मागच्या वर्षी काय केलं ते आठवा. फूल सरल्यावर पानं अस्ताव्यस्त दिसतात म्हणून आपण कापून टाकतो. पुढच्या फुलाची शिदोरी कंदात भरतात ती हीच पानं. ती स्वतःहून पिवळी पडेपर्यंत राहू द्यायची. आणि कंद फार दाटले असतील तर दोन-तीन वर्षांनी उकरून वेगळे करायचे.

झाडं आहेत, पण फुलत नाहीत

इथे कारणं एकेक करून तपासावी लागतात, आणि क्रम महत्त्वाचा आहे. खत सगळ्यात शेवटी. आपण उलटं करतो.

सुरुवात उन्हापासून. बहुतेक फुलझाडांना रोज सहा तास थेट ऊन लागतं. हे माहीत असतं सगळ्यांना. ज्याकडे दुर्लक्ष होतं ते हे, की बागेतलं ऊन वर्षभर एका जागी राहत नाही. थंडीत सूर्य आकाशात खालून जातो, भिंतीची सावली लांबते, आणि उन्हाळ्यात लख्ख उजेडात असलेला वाफा चार महिने सावलीत जातो. झाड तेच, माती तीच, खत तेच, आणि तरी 'दर वर्षी याच दिवसांत काय होतं कळत नाही' असं आपण म्हणत राहतो. सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता सावलीची कड कुठे आहे तिथे खडूने किंवा दोरीने खूण करा. प्रत्येक मोसमात एकदा. कुंड्या असतील तर ऊन जाईल तिकडे त्या न्यायच्या. जमिनीतली झाडं हलत नाहीत, तेव्हा त्या पट्ट्यात सावली सोसणारी फुलं लावा : बेगोनिया, टोरेनिया, इम्पेशन्स.

मग कात्री. हंगामी झाडाचा जन्म बी धरण्यासाठी असतो. बी धरलं की त्याचं काम झालं आणि ते नवीन कळ्या काढायचं थांबवतं. म्हणून सुकलेलं फूल वेळेवर काढलं तर ते पुन्हा प्रयत्न करतं. पण काढायचं कसं, यात चूक होते. नुसत्या वाळलेल्या पाकळ्या ओढून काढल्या तर खालचा फुगीर भाग, जिथे बी तयार होतं, तो तसाच राहतो. झाडाच्या दृष्टीने काहीच बदललेलं नसतं. देठासकट, खालच्या पानांच्या जोडीच्या जरा वर कापा. तिथून दोन फुटवे येतात. झिनिया आणि झेंडूला हे आठवड्यातून दोनदा केलं तर बहर महिनाभर सहज लांबतो. पेट्युनियाच्या काड्या लांबल्या की जीव घट्ट करून निम्म्यावर कापायची आणि थोडं खतपाणी द्यायचं. तीन-चार आठवड्यांत ती पुन्हा भरते. कापताना वाईट वाटतं, पण न कापता ती तशीही संपणारच असते.

झुडपांच्या छाटणीत आणखी एक मेख आहे. काही झाडं नव्या फुटीवर फुलतात : गुलाब, जास्वंद, मोगरा, बोगनवेल. काही मागच्या मोसमातल्या जुन्या काडीवर फुलतात : मोठ्या पानांचं हायड्रेंजिया, अझेलिया, कॅमेलिया. दुसऱ्या गटातल्या झाडाला बहरापूर्वी नीटनेटकं केलं तर तुम्ही कळ्याच कापून टाकता. त्यांची छाटणी फुलं सरल्याबरोबर करायची, नंतर हात लावायचा नाही.

नव्या फुटीवर फुलणाऱ्यांचा मात्र खंड भरायला फार सुंदर उपयोग होतो. गुलाब छाटल्यापासून साधारण सहा ते आठ आठवड्यांनी फुलतो. तुमच्याकडे आठ गुलाब असतील तर चार आज छाटा आणि चार तीन आठवड्यांनी. पहिल्या चारांची फुलं ओसरताना दुसरे उमलतात. जास्वंद एकच असेल तर तिच्या एक तृतीयांश फांद्या छाटा, महिन्याने पुढच्या एक तृतीयांश. सगळं झाड एकदम बोडकं केलं तर दोन महिने काहीच मिळत नाही. हीच युक्ती शेवंतीला आणि उंच ॲस्टरला शेंडे खुडून लागू पडते : निम्मे शेंडे खुडले की त्या फांद्या थोड्या उशिरा फुलतात आणि एकाच झाडावर बहर लांबतो.

गुलाबाबद्दल एक वेगळी तक्रार नेहमी ऐकू येते : लावला तेव्हा लाल होता, आता लहान पांढरी-गुलाबी फुलं येतात, किंवा काटेरी काड्या वाढतात आणि फूलच नाही. गुलाबाने रंग बदललेला नसतो. कलमाचा डोळा भरलेल्या जागेच्या खालून खुंटाची, म्हणजे ज्या दुसऱ्या गुलाबावर कलम बांधलेलं असतं त्याची, फूट आलेली असते, ती जोमदार असते आणि वरच्या कलमाला उपाशी मारते. माती बाजूला करून ती जिथून निघाली तिथून ओढून काढा. वरून कापली तर दुप्पट जोमाने येते.

पाण्याचं थोडक्यात. बोगनवेलीला रोज पाणी देणारा माणूस तिच्याकडून पानंच मिळवतो. पानं किंचित मलूल होईपर्यंत थांबा, मग भरपूर पाणी द्या, पुन्हा थांबा. उलट अनंताच्या आणि जास्वंदीच्या कळ्या गळत असतील तर पाण्यातला चढउतार हे नेहमीचं कारण असतं, एक दिवस माती कोरडीठाक आणि दुसऱ्या दिवशी चिखल. माती सारखी ओलसर ठेवूनही कळ्या पिवळ्या पडून गळत असतील तर एक कळी उघडून पांढऱ्या कागदावर झटका. बारीक रेघांसारखे फुलकिडे दिसले तर पडलेल्या सगळ्या कळ्या वेचून बागेबाहेर टाका आणि संध्याकाळी कडुनिंबाच्या तेलाची फवारणी आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा करा.

आता खत. पानं मोठी, काळपट हिरवी, झाड तरारलेलं आणि कळी एकही नाही, असं दिसलं तर नत्र (नायट्रोजन) जास्त झालंय. कॉसमॉस आणि नॅस्टर्शियम तर हलक्या मातीतच मनापासून फुलतात, त्यांच्या वाफ्यात मुठीमुठीने खत टाकणं म्हणजे त्यांना पानांत गुंतवणं. अशा वेळी महिनाभर काहीच घालू नका. 'फुलांसाठी' म्हणून स्फुरद (फॉस्फरस) ओतण्याची सवयही सोडा. मातीत आधीच पुरेसं स्फुरद असेल तर जादा स्फुरदामुळे झाडाला लोह आणि जस्त नीट घेता येत नाही, नवी पानं पिवळी पडतात. कुंडीतल्या झाडांची गोष्ट वेगळी, तिथे पाण्याबरोबर खत वाहून जातं. त्यांना दर पंधरा दिवसांनी पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद आणि पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) लिटरला एक ग्रॅम या हलक्या प्रमाणात पुरतं.

सगळं तपासलं, तरी एक झाड फुलत नाही

आता ज्या कारणाने मला दोन वर्षं छळलं त्याबद्दल. एकाच शेवंतीच्या काड्यांपासून मी तीन कुंड्या केल्या होत्या. दोन मागच्या बाजूला, एक दारापाशी. ऊन तिघींना सारखं, माती एकाच ढिगातली. मागच्या दोघी फुलांनी वाकल्या आणि दारातली नुसती हिरवी. पहिल्या वर्षी मी तिला खत वाढवलं. दुसऱ्या वर्षी माती बदलली. काहीच झालं नाही. शेवटी एका रात्री कुलूप लावताना लक्षात आलं की दारावरचा दिवा पहाटेपर्यंत थेट तिच्यावर पडतो.

शेवंती रात्र मोजते. १९२० साली गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी दिवसाची लांबी आणि फुलणं यांचा संबंध मांडला. त्यांच्यासमोरचं कोडं एका तंबाखूच्या जातीचं होतं. ती शेतात उन्हाळाभर उंचच उंच वाढायची पण फुलायची नाही, आणि काचघरात थंडीत मात्र फुलायची. दिवसाचा काही वेळ झाडं अंधारात ठेवून त्यांनी ती उन्हाळ्यातही फुलवून दाखवली. पुढच्या प्रयोगांतून कळलं की झाड खरं तर सलग अंधार किती मिळाला ते पाहतं. रात्रीच्या मधोमध थोडा वेळ उजेड पडला तरी अशा झाडाच्या लेखी ती लांब रात्र मोडते.

शेवंती, पॉइन्सेटिया, तेरडा, कॉसमॉस ही लांब रात्रीची झाडं. उंच झेंडूही लांब रात्री आल्या की लवकर कळी धरतो. म्हणून कॉसमॉस दिवस मोठे असताना पेरला तर तो आधी कमरेएवढा वाढतो आणि फूल उशिरा दाखवतो. पेट्युनिया उलट, तिला दिवस मोठा हवा. तेव्हा रस्त्यावरचा दिवा, जिन्यातला दिवा, खिडकीतून पडणारा उजेड हे सगळं रात्री एकदा बागेत उभं राहून पाहा. ज्या कुंडीपाशी उभं राहून वर्तमानपत्राचे मथळे वाचता येतात ती शेवंतीची जागा नव्हे.

दिवा बंद करणं किंवा कुंडी हलवणं हा सोपा उपाय. ते जमत नसेल तर पुठ्ठ्याचं मोठं खोकं घ्या. संध्याकाळी ६ वाजता कुंडीवर उपडं घालायचं, सकाळी ८ वाजता काढायचं. चौदा तास पूर्ण अंधार. कळ्या दिसून त्यांना रंग चढेपर्यंत एकही रात्र चुकवायची नाही. दिवसा झाडाला पूर्ण ऊन. माझी दारातली शेवंती अशा उपायाने नवव्या आठवड्यात फुलली. पॉइन्सेटियालाही हाच नियम, तिची वरची पानं रंगायला आठ ते दहा आठवडे जातात.

आणि आज बाग रिकामीच असेल तर

पेरलेलं उगवून फुलेपर्यंत दोन महिने जाणार, तोवर रंग हवा असेल तर फुलांच्या मागे न लागता पानांकडे वळा. कोलियस आणि क्रोटनची आठ-दहा रोपं, विखरून न लावता तीन-तीन, पाच-पाचच्या गटाने लावली तर बाग लगेच भरलेली दिसते. एकेक रोप लांब लांब लावलं की रंग असूनही नजरेत भरत नाही. कोलियसला येणारे तुरे मात्र खुडत जा, तुरा आला की पानांचा रंग उतरतो. मोकळ्या जागी सदाफुलीची तयार रोपं लावा. जे काही हंगामी उरलंय आणि ज्याचा बुंधा अजून हिरवा आहे ते निम्म्यावर कापा.

हे करता करता झिनियाचं पाकीट उघडा आणि त्याचा फक्त पहिला तिसरा भाग पेरा. कुंडीच्या कडेला आजची तारीख लिहा. दुसरा भाग पाकिटातच ठेवून त्यावर २१ दिवसांनंतरची तारीख लिहा, आणि पाकीट रोज नजरेस पडेल अशा जागी ठेवा, कारण ती तारीख येईल तेव्हा पहिली रोपं तरारलेली असतील आणि पेरायची गरजच वाटणार नाही.